जागा बदलणारी जनुके

मक्याच्या काही कणसांतले दाणे एकरंगी नसतात. फिकट दाण्यावर जांभळे ठिपके दिसतात, एखाद्यावर बारीक शिंतोडे तर शेजारच्यावर मोठा डाग. एकाच दाण्यातल्या सगळ्या पेशींचा वारसा एक असताना त्यांचे रंग निराळे का, या प्रश्नाचे उत्तर बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे शोधले. त्यांच्या हाताशी सूक्ष्मदर्शक होता, मक्याचे छोटे शेत होते आणि चिकाटी होती.

मक्याच्या नवव्या गुणसूत्रावर एक तुकडा ठरलेल्या जागी बसत नाही, असे त्यांना आढळले. या तुकड्याला त्यांनी ‘डीएस’ म्हटले. तो रंगाच्या जनुकात शिरला की जनुक बंद पडते आणि दाणा फिकट राहतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो निसटला, तर त्या पेशीत आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत रंग परततो. लवकर निसटला तर मोठा डाग पडतो, उशिरा निसटला तर बारीक ठिपका. मात्र डीएसला स्वतःच्या बळावर हलता येत नाही. त्याला कापून दुसरीकडे चिकटवणारे विकर ‘एसी’ नावाच्या दुसऱ्या तुकड्याकडून मिळते.

हे निष्कर्ष 1950 मध्ये प्रसिद्ध झाले, पण स्वागत थंडच झाले. जनुके म्हणजे माळेत ओवलेले मणी, प्रत्येकाची जागा पक्की, असा तेव्हाचा समज होता. डीएनएची रचनाही अजून उलगडायची होती. पुढे जिवाणूंमध्ये असेच फिरते तुकडे सापडले, तेव्हा मक्याची गोष्ट पटू लागली. 1983 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मॅक्लिंटॉक यांना एकट्यांना मिळाले. तेव्हा त्या 81 वर्षांच्या होत्या.

अशा फिरत्या तुकड्यांचा दुसरा प्रकार अधिक पसरणारा आहे. तो जागा सोडत नाही. आरएनएच्या मार्गाने स्वतःची नक्कल करून ती दुसरीकडे घुसवतो. मूळ प्रत राहतेच, त्यामुळे संख्या फुगत जाते. मक्याच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे 230 कोटी अक्षरे आहेत आणि त्यांपैकी जवळपास 85 टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचा आहे. गव्हाचा जनुकसंच माणसाच्या पाचपट मोठा असण्यामागेही या नकलांचा मोठा हात आहे. गव्हाचे शहाणपण त्यातून सिद्ध होत नाही.

माणसाच्या 310 कोटी अक्षरांतही सुमारे 45 टक्के वाटा फिरत्या तुकड्यांचाच. प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांहून कमी. ‘अलु’ नावाच्या, जेमतेम 300 अक्षरांच्या तुकड्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती आपल्यात आहेत. ‘एल-1’च्या सुमारे पाच लाख प्रतींपैकी बहुतेक मोडक्या असून शंभराच्या आसपासच अजून उडी मारू शकतात. अशी उडी 1988 मध्ये हेग काझाझियन यांच्या गटाने पकडली. हिमोफिलियाच्या 240 रुग्णांपैकी दोघांच्या रक्त गोठवणाऱ्या ‘घटक आठ’च्या जनुकात एल-1 शिरलेला होता आणि त्यांच्या आईवडिलांत तो नव्हता.

वनस्पतींत मात्र अशा उडीची फळे माणसाने आवडीने जपली. मेंडेलने अभ्यासलेल्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कारण 1990 मध्ये कळले: स्टार्चच्या शाखा घडवणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे 800 अक्षरांचा तुकडा घुसलेला. स्टार्च कमी, साखर जास्त, म्हणून कोवळ्या दाण्यात पाणीही जास्त. वाळताना दाणा आक्रसतो. बहुतेक पांढऱ्या द्राक्षांतही रंगाचे एक नियंत्रक जनुक असाच तुकडा शिरून बंद पडले आहे.

इतके तुकडे मोकाट सुटले तर पेशी टिकणारच नाही. म्हणून वनस्पती आणि माणूस दोघेही डीएनएवर मिथाइलचे ठसे मारून त्यांना झोपवतात. मक्यातला एसी मधूनच निष्क्रिय होतो आणि पुन्हा जागा होतो, हे मॅक्लिंटॉक यांनी टिपले होते. त्यामागचे हे रसायन बरेच नंतर समजले.

काही तुकडे तर कामालाच जुंपले गेले. प्रतिपिंडांची असंख्य रूपे घडवण्यासाठी पांढऱ्या पेशी आपल्याच जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात. हे कापणारी ‘रॅग’ प्रथिने एका प्राचीन फिरत्या तुकड्यापासूनच आली आहेत.