मेळघाटचें रान आणि रानांतला माणूस

अमरावतीहून परतवाड्याची वाट धरली कीं थोड्याच वेळांत उत्तरेस डोंगरांची एक निळसर रेघ दिसूं लागते. वऱ्हाडांत वाढलेल्या प्रत्येकानें ती पाहिलेली असते. ती सातपुड्याची गाविलगडची रांग, आणि तिच्या पलीकडे मेळघाट. घाटांचा जेथें मेळ पडला तो हा मुलूख. आपल्यापैकीं पुष्कळांचा त्याच्याशीं संबंध एवढाच कीं, उन्हाळ्यांत चार दिवस चिखलदऱ्यास जावें, गाविलगडाच्या तटावर उभें राहून छायाचित्र काढवून घ्यावें, वाघ दिसला नाहीं म्हणून हळहळावें आणि घरीं परतावें. परंतु अकोट-तेल्हाऱ्याकडे ज्या घरांत वान धरणाचें पाणी येतें, त्या घरांतला तांब्या याच डोंगरांनीं भरलेला असतो. तेथील रान राहिलें तर तें पाणी राहील. आणि रान राहावयाचें तर त्यांत राहणाऱ्या माणसाचें पोट रानावर कसें भरतें, याची चौकशी आपणांस करावी लागेल. आज तीच मी करणार आहें.

अरण्यरक्षणाचा विषय निघाला म्हणजे ॲमेझॉनच्या वर्षावनांचें नांव प्रथम येतें. मेळघाट हें वर्षावन नव्हे. हें सागाचें, पानगळीचें रान. उन्हाळ्यांत तें उघडें पडतें व मृगाच्या सरींबरोबर पुन्हां हिरवें होतें. सिपना ही येथील मोठी नदी, आणि कोरकू भाषेंत सिपना म्हणजे साग. खंडू, खापरा, गाडगा, डोलार या इतर नद्या. सर्वांचें पाणी अखेर तापीस जातें. या रानांतील मुख्य वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतील नाहीं, गोंडीप्रमाणें द्राविड कुळांतीलहि नाहीं. ती मुंडा कुळांतील, छोटानागपूरकडील मुंडारी व संथाळी यांची नातलग. आपल्या भाषाभगिनींपासून शेंकडों मैल दूर, पश्चिमेच्या अगदीं टोंकास ही एकटी शाखा टिकून राहिली आहे. ज्यांच्या नदीचें नांवच झाडावरून पडलें, ते लोक रानाचे शत्रु कसे, असा प्रश्न मला तरुणपणीं पडावयास हवा होता. तो पडला नाहीं.

मॅट्रिक होऊन शिक्षकाचें प्रशिक्षण घेतल्यावर माझ्या नोकरीचीं पहिलीं कांहीं वर्षें मेळघाटांतील एका शाळेंत गेलीं. होळी आली कीं वर्ग ओस पडे. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळीच. तेव्हां आठ दिवस मुलें येणार नाहींत हें मी धरूनच चालत असें. पण सण संपला तरी बसकरपट्ट्या रिकाम्याच. एका पहाटे मी तणतणत एका मुलाच्या घरीं गेलों. दार लोटलेलें, आंत कोणी नाहीं. सारें घर मोहाच्या झाडाखालीं वांकून फुलें वेंचीत होतें. मोहाचें फूल रात्रीं गळतें व तें ऊन चढण्यापूर्वीं वेंचावें लागतें. उशीर झाला कीं गुरें आणि रानांतलीं जनावरें तें खाऊन जातात. मुलाचा आजा मला म्हणाला, “गुरुजी, मोहा वीस दिसाचा पाहुना हाय. शाळा तं बारा महिन्याची हाय.” मी रागानें परत आलों आणि महिनाअखेर हजेरीपटावरून त्या मुलाचें नांव कमी केलें. तो मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. त्या वीस दिवसांत वेंचलेली फुलें म्हणजे त्या घराचें पावसाळ्यांतलें धान्य होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें.

चारोळीची गोष्ट याहून निराळी. आपल्या घरीं दिवाळीच्या बासुंदींत जी चारोळी पडते, ती चाराच्या झाडाच्या लहानशा काळसर फळांतील बी. उन्हाळ्याच्या अखेरीस फळ पिकतें. तें गोळा करावें, कुजवून धुवावें, वाळवावें, जात्यांत हलक्या हातानें भरडून बी वेगळें काढावें, इतका खटाटोप. आणि आठवड्याच्या बाजारांत तिच्या बदल्यांत व्यापारी मीठ मोजून देत असलेला मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला आहे. पुढें माझ्या लक्षांत आलें कीं, झाडावरचीं फळें पिकण्याची वाट कोणीच पाहत नाहीं. हिरवीं असतांनाच तीं ओरबाडतात, फांद्या मोडतात, कधीं झाडहि पाडतात. शिक्षकांच्या बैठकींत मी मोठ्या अधिकारवाणीनें बोलत असें, “या लोकांना रानाची किंमत नाहीं.”

खरी गोष्ट अशी होती कीं, त्या फळावर कोणाचाच हक्क नव्हता. मीं आज सोडलेलें फळ उद्यां दुसरा नेणार, हें ज्याला ठाऊक आहे तो पिकण्याची वाट कां पाहील? शहरांतील सार्वजनिक बागेंतला पेरू कधीं झाडावर पिकलेला कोणी पाहिला आहे काय? तेथें तर सारे सुशिक्षित लोक फिरावयास येतात. पिकण्याची वाट पाहणें हा सद्गुण खरा, पण तो परवडावा लागतो. आणि फळ आपलेंच राहील अशी खात्री असल्यावांचून तो कोणासच परवडत नाहीं.

ही खात्री नाहींशी कशी झाली, तें थोडक्यांत सांगतों. इंग्रज सरकारनें १८६५ व १८७८ सालीं वनांचे कायदे केले आणि रान सरकारचें झालें. गांवकऱ्याला जें मिळे तें सवलत म्हणून. हक्क म्हणून नव्हे. १९२७ च्या कायद्यांत झाडाची जी व्याख्या आहे तींत बांबूचीहि गणना होती. मी वर्गांत शिकवीत असें कीं बांबू हें गवत आहे. तिकडे तोच बांबू तोडणारा कोरकू झाड तोडल्याचा अपराधी ठरे. वनस्पतिशास्त्र आणि कायदा यांची अशी गांठ कोठेंहि पडली नव्हती. स्वातंत्र्यानंतरहि चाल फारशी बदलली नाहीं. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तेंदूपानाचा व्यापार सरकारनें आपल्या हातीं घेतला. लिलाव सरकार करी, ठेकेदार माल उचली, आणि पान तोडणारा मजूरच राहिला.

मोठा फेर झाला तो २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें. त्यानें मोह, तेंदू, मध, डिंक, चारोळी आणि बांबूसुद्धां, या गौण वनोपजावर पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. पण माझ्या मतें त्याहून महत्त्वाचें कलम सामूहिक वनसंपत्तीचें आहे. गांवानें पिढ्यान्‌पिढ्या जें रान वापरलें, तें राखण्याचा, वाढविण्याचा व त्याचा कारभार पाहण्याचा हक्क त्या गांवाच्या ग्रामसभेस मिळतो. ग्रामसभा म्हणजे निवडून आलेले पंच नव्हेत. गांवांतील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गांवानें हा हक्क २००९ सालीं मिळविला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने त्या ग्रामसभेच्या स्वतःच्या हातीं आले.

आपल्या अमरावती जिल्ह्यांतहि असें एक गांव आहे. परतवाड्याच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेलें तें पायविहीर. वस्ती मुख्यतः कोरकूंची. गांवाशेजारची वनजमीन उजाड झालेली, घाणेरीच्या झुडपांनीं व्यापलेली. २०१२ सालीं ग्रामसभेस १९२ हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. खोज नांवाच्या संस्थेची त्यांस कागदपत्रांपासून पुढें मदत झाली. हक्क मिळाल्यावर लोकांनीं प्रथम कुऱ्हाड घेतली नाहीं, कुदळ घेतली. घाणेरी उपटली, खड्डे खणले, झाडें लावलीं, पाणी अडविलें. आणि त्या कामाची मजुरी रोजगार हमी योजनेंतून मिळविली. येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. लावलेलें झाड फळ देईपर्यंत घरची चूल कशावर पेटवावयाची, या प्रश्नाशीं पुष्कळ चांगल्या योजना अडतात. पायविहीरनें तो रोजमजुरीनें सोडविला.

त्या टेकड्यांवर सीताफळ पूर्वींपासूनच होतें. सीताफळ हें मोठें अडेल फळ आहे. कोंवळें तोडलें तर तें काळें पडतें, पिकत नाहीं. त्याचे डोळे रुंदावले, मधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, म्हणजे तोडावें. आणि तोडल्यावर दोन-चार दिवसांत तें पिकून मऊ होतें. म्हणून टोपली घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाईला थांबतां येत नाहीं आणि व्यापाऱ्याला थांबतां येतें. संध्याकाळपर्यंत बोलणी लांबविलीं कीं भाव आपोआप उतरतो. ग्रामसभेनें ही गांठच सोडविली. फळ केव्हां तोडावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, लहानमोठें निवडावयाचें, पेट्यांत भरावयाचें आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नांवानें थेट मुंबईच्या बाजारांत धाडावयाचें. इंग्रजी नांव कशाला, असें माझ्या मनांत आलें होतें. पण मुंबईच्या गिऱ्हाइकाची नाडी त्यांना माझ्याहून अधिक कळली. २०१४ सालीं या गांवास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

एकदां तोडणीचा दिवस ठरविण्याचा अधिकार गांवाच्या हातीं आला, म्हणजे चारोळीच्या फांद्या मोडण्याचें कारण उरत नाहीं. तेंदूच्या बाबतींतहि तसेंच. नवी पालवी लवकर यावी म्हणून झुडपांस आग लावण्याची वाईट रीत पुष्कळ ठिकाणीं आहे; मोहाखालचा पालापाचोळा जाळतांनाहि वणवे पेटतात. आगीऐवजीं तेंदूची छाटणी केली, मोहाखालीं जुनें लुगडें किंवा जाळी पसरली, तर काम साधतें. मात्र छाटणीला मेहनत लागते, आणि पुढच्या वर्षींहि हें झुडूप माझ्याच गांवचें असेल असें वाटल्यावांचून ती मेहनत कोणी करीत नाहीं. विडी हें कांहीं चांगलें व्यसन नव्हे, आणि त्या धंद्यावर फार काळ विसंबून चालावयाचें नाहीं; पण आज तरी उन्हाळ्यांत तेंदूचा पैसा घराघरांत लागतो. मोहाच्या फुलांच्या संग्रहावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविले, हेंहि चांगलें झालें. फुलें साठवितां आलीं तर हंगाम संपल्यावर बरा भाव येतो.

याच विचारानें ब्राझीलच्या वर्षावनांत एक मोठा लढा झाला. रबराच्या झाडांस चीर देऊन चीक गोळा करणारे तेथील लोक, रान तोडून गुरांचीं कुरणें करणाऱ्या जमीनदारांपुढें उभे राहिले. त्यांचा पुढारी चिको मेंडिस याचा डिसेंबर १९८८ मध्यें खून झाला. त्यानंतर १९९० सालीं त्याच्या नांवानें नऊ लाख हेक्टरांहून मोठें राखीव रान निर्माण झालें. त्यांत रान सरकारी मालकीचें असून चीक व फळें काढण्याचा हक्क तेथील रहिवाशांना आहे.

पायविहीर पायथ्याशीं आहे, हें मात्र विसरूं नये. वर घाटांत प्रश्न अवघड होतो. २२ फेब्रुवारी १९७४ रोजीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. देशांतील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं तो एक. त्याच्या गाभ्याचें क्षेत्र सुमारें १५०० चौरस किलोमीटर. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० मधील आदेशानें राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें यांतून वाळलेलें लाकूड व गवतसुद्धां नेण्यास मनाई झाली. गाभ्यांतील गांवें बाहेर हलविण्याचें काम चालूं आहे. बोरी, कोहा, कुंड हीं त्यांतील आरंभींचीं. कुटुंबामागें दहा लाख रुपये देत, ते पुढें पंधरा लाख झाले. दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. रस्ता, दवाखाना व शाळा यांसाठीं कित्येक कुटुंबें आपण होऊन निघालीं, आणि त्यांच्या सोडलेल्या शेतांचीं कुरणें होऊन तेथें रानगवे व सांबर चरूं लागले. परंतु अकोट-तेल्हारा तालुक्यांत आणून वसविलेल्या गांवांतील लोक जमीन व रोजगार मिळाला नाहीं म्हणून पुन्हां जुन्या जागीं गेले, आणि जानेवारी २०१९ मध्यें त्यांच्यांत व वनखात्याच्या माणसांत चकमक होऊन दोहींकडील लोक जखमी झाले. रोकड रक्कम पाहतां पाहतां संपते. दर वर्षीं होळीनंतर फुलें गाळणारें झाड तिच्यांत विकत मिळत नाहीं. वाघासाठीं थोडें रान निवांत असावें, हें मला मान्य आहे. पण बाहेर आणलेल्या माणसाला पैशाबरोबर कसण्यास जमीन आणि पायविहीरसारखा पायथ्याच्या रानावरचा हक्क कां देऊं नये, याचें समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलें नाहीं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास परतवाड्याच्या रस्त्यावर मी सीताफळें घ्यावयास उतरलों. पायथ्याच्या एका गांवची बाई बसली होती. फळें एकसारखीं, डोळे चांगले उघडलेले. तिनें टोपलीचा भाव सांगितला. मीं संवयीनें निम्मा मागितला आणि ऊन उतरेल तसा भावहि उतरेल, या हिशोबानें झाडाखालीं उभा राहिलों. ती हंसली नाहीं, रागावलीहि नाहीं. म्हणाली, “काका, माल ग्रामसभेचा हाय. भाव सभेनं ठरवला. संध्याकाळी गाडी येते, उरला तं तिच्यात जाते.” मीं पैसे मोजून दिले.