गोळीबारानंतर तीनच आठवड्यांत प्रेस्टन शहर नटूनथटून रस्त्यावर का उतरलं?

क्वचित घडणाऱ्या गोष्टीला आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो. इंग्लंडच्या लँकशायर भागात अशा वेळी ‘प्रेस्टन गिल्ड’चा दाखला देतात. कारण प्रेस्टन शहराचा हा सोहळा वीस वर्षांतून एकदाच होतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला पहिला गिल्ड १८४२ साली झाला, आणि तोही शहरात गोळीबार होऊन जेमतेम तीन आठवडे झाले असताना.

आधी गिल्ड म्हणजे काय ते पाहू. गिल्ड म्हणजे शहरातल्या व्यापाऱ्यांची किंवा कारागिरांची संघटना. ११७९ मध्ये राजा दुसऱ्या हेन्रीने प्रेस्टनला अशी संघटना ठेवण्याचा हक्क दिला. सभासद नसाल, तर शहरात धंदा करता येत नसे. त्यामुळे ठरावीक काळाने यादी तपासली जायची. जुन्यांनी आपला हक्क पक्का करायचा, नव्यांनी नाव नोंदवायचं. १५४२ पासून वीस वर्षांचं अंतर ठरून गेलं. यादीच्या कामाला जोडून जेवणावळी आणि मिरवणुका आल्या.

मिरवणुकीत प्रत्येक धंद्याचा जथा वेगळा, निशाण वेगळं आणि सोंगंही वेगळी. इंग्लंडमधल्या अशा मिरवणुकांत शिंप्यांसोबत ॲडम आणि ईव्ह दिसायचे, कारण बायबलनुसार पहिलं वस्त्र त्यांनीच शिवलं. जोडे बनवणाऱ्यांसोबत संत क्रिस्पिन, तर लोकर विंचरणाऱ्यांसोबत बिशप ब्लेझ. वाचता न येणाऱ्यालाही कोणता जथा कोणाचा हे लगेच कळायचं.

मग १८३५ मध्ये नगरपालिकांचा नवा कायदा आला आणि गिल्डची मक्तेदारी संपली. आता धंदा करायला यादीत नाव असण्याची गरज उरली नाही. म्हणजे सोहळ्याचं मूळ कारणच गेलं. तरीही प्रेस्टनने १८४२ चा गिल्ड भरवायचं ठरवलं.

तेव्हा प्रेस्टन हे सूतगिरण्यांचं शहर झालं होतं. त्या ऑगस्टमध्ये मजुरीतली कपात आणि मताधिकाराची मागणी यांवरून उत्तर इंग्लंडमध्ये मोठा संप पेटला. संपकरी बॉयलरचे प्लग काढून गिरण्या बंद पाडत होते. १३ ऑगस्टला प्रेस्टनच्या ल्यून स्ट्रीटवर जमाव आणि सैनिक समोरासमोर आले. मेयर सॅम्युएल हॉरॉक्स यांनी जमावाला पांगण्याचा कायदेशीर इशारा वाचून दाखवला. त्यानंतर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार कामगारांचा जीव गेला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच शहरात बँड वाजले, निशाणं फडकली, धंद्यांचे जथे निघाले. गिल्डचे मेयर होते तेच हॉरॉक्स, आणि त्यांचं घराणं शहरातलं बडं गिरणीमालक घराणं.

इथे मिरवणुकीचं काम बदललेलं दिसतं. पूर्वी ती सांगायची, ‘आमचा हक्क आहे.’ आता ती दाखवत होती, ‘आमचं शहर एक आहे.’ जुने पोशाख आणि जुनी निशाणं यांमुळे गिरणीचं नवं, दुभंगलेलं शहर शतकानुशतकं चालत आलेल्या एका कुटुंबासारखं दिसायचं. रस्त्यावरच्या माणसाला मात्र या चित्रात सण आणि सुतक दोन्ही एकदम दिसत असणार.

पुढचा गिल्ड १८६२ चा, आणि तेव्हाही संकट होतंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या आणि लँकशायरचे कामगार मदतीवर जगू लागले. याच टंचाईत भारतीय कापसाचा भाव भडकला, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहू लागला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच मुंबईचा शेअर बाजार कोसळला. अशा उपासमारीच्या वर्षातही प्रेस्टनने गिल्ड चुकवला नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ चा गिल्ड मात्र झाला नाही. तो १९५२ मध्ये झाला. शेवटचा २०१२ मध्ये, आणि पुढचा २०३२ मध्ये. ल्यून स्ट्रीटवर आज एक स्मारक आहे: बंदुका रोखलेले सैनिक आणि समोर कामगार. मिरवणूक वीस वर्षांतून एकदा येते आणि जाते. स्मारक मात्र रोज तिथेच उभं असतं.