अ‍ॅल्युमिनियम नको, मग तुरटी कशी चालते?

गेल्या दहाएक वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या दुकानांत ‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री’ डिओड्रंटची चांगलीच गर्दी झाली आहे. ‘नो पाँग’ची छोट्या डबीतली पेस्ट, ‘ब्लॅक चिकन रेमेडीज’चं बोटाने लावायचं मलम आणि त्यांच्यामागोमाग मोठ्या कंपन्यांच्या कांड्या. ४ जानेवारी २०२० रोजी सिडनीजवळच्या पेनरिथला पारा ४८.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात काखेला काय लावायचं, हा प्रश्न चैनीचा उरत नाही.

घामाला मुळात फारसा वास नसतो. वयात येताना काखेतल्या अ‍ॅपोक्राइन ग्रंथी कामाला लागतात, त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू पोसतात आणि त्यातून दर्प सुटतो. साधं डिओड्रंट या जिवाणूंना आवरतं किंवा वास झाकतं. घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंटचं काम वेगळं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामात विरघळून घर्मनलिकेच्या तोंडाशी बूच मारल्यासारखे बसतात. त्वचेच्या पेशी झडल्या की तेही निघून जातं. पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळे डागही बहुतेक वेळा याच क्षारांची आणि घामाची करामत.

मग लोक ते सोडतात कशासाठी? अनेकींच्या मनात स्तनांच्या कर्करोगाची भीती असते, आणि ती दूर व्हायलाच हवी. २००२ साली अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली. अँटिपर्स्पिरंटचा संबंध आढळला नाही. त्वचेतून शरीरात शिरणारं अ‍ॅल्युमिनियमही अत्यल्प असतं. ऑस्ट्रेलियाची ‘कॅन्सर कौन्सिल’ ही संस्थाही या समजाला पुरावा नसल्याचं सांगते. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेला काही लावू नका अशी सूचना मात्र खरी आहे. या क्षारांचे कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते, एवढंच तिचं कारण. ‘ब्रेस्टस्क्रीन ऑस्ट्रेलिया’ ही तपासणी चाळिशीपासून पुढच्या स्त्रियांना मोफत देते. डिओड्रंटच्या धास्तीपेक्षा ती वेळेवर करून घेणं कितीतरी मोलाचं आहे.

गंमतीची गाठ पडते ती ‘क्रिस्टल’ डिओड्रंटशी. खनिज स्फटिक, शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून हा पारदर्शक खडा ओला करून काखेत फिरवतात. मराठी घराला तो अनोळखी नाही: न्हाव्याने दाढीनंतर गालावर फिरवलेली, पावसाळ्यात गढूळ पाण्यात ढवळलेली ती आपली तुरटी. आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट! अ‍ॅल्युमिनियम टाळायचं म्हणून तुरटीकडे वळणारा माणूस अ‍ॅल्युमिनियमच लावत असतो. तुरटी वाईट नव्हे. पण पुढच्या बाजूचे मोठे शब्द सोडून मागची घटकांची यादी वाचायला हवी. ऑस्ट्रेलियात सौंदर्यप्रसाधनांवर ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘नैसर्गिक’ म्हणवण्यालाही तिथे हिशेब द्यावा लागतो. लहान मुलांच्या उत्पादनांवर ‘प्युअर, नॅचरल, ऑरगॅनिक’ लिहून आत कृत्रिम परिरक्षकं घातल्याबद्दल ‘गाया स्किन नॅचरल्स’ला ग्राहक आयोगाच्या नोटिशींनंतर ३७,८०० डॉलर भरावे लागले.

खरोखर अ‍ॅल्युमिनियमविरहित पेस्टमध्ये सहसा खोबरेल तेल, आरारूट किंवा मक्याचं पीठ आणि खाण्याचा सोडा असतो. पीठ ओल शोषतं, सोडा वास मारतो. पण त्वचा किंचित आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. म्हणून काहींच्या काखा लाल होतात, जळजळतात, सोलवटतात. याला ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणून सोसत बसू नये. विषारी द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, काख नव्हे. सवय बदलली की त्वचेवरच्या जिवाणूंची वस्ती बदलते आणि सुरुवातीला वास वाढल्यासारखा वाटू शकतो, तेवढं खरं. पुरळ आली तर पेस्ट थांबवावी आणि त्वचा बरी झाल्यावर सोडा नसलेली, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची घ्यावी. दाढी किंवा वॅक्सिंगनंतर लगेच तर कुठलीच लावू नये.

ज्यांना घामाने कपडे भिजण्याचाच त्रास आहे, त्यांना या पेस्टचा फार उपयोग नाही. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाबद्दल डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अ‍ॅल्युमिनियमयुक्त अँटिपर्स्पिरंट वापरण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण शरीरातलं अ‍ॅल्युमिनियम मूत्रावाटे बाहेर टाकण्याची त्यांची ताकद कमी झालेली असते.