पेटी नेमकी कोणामुळे विकली गेली?

आजचा विषय फलकावर वाचून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला हा माणूस डिजिटल मार्केटिंगवर काय बोलणार? पण त्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आमच्याच घरचा आहे. 'कारण' कशाला म्हणायचं, हा तो प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. समजा, देवगडचं एक कुटुंब आहे, स्वतःच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकणारं. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. जाहिरातीला लाखभर रुपये ठेवलेत, आणि ते चुकीच्या ठिकाणी गेले तर दुरुस्तीला थेट पुढचं वर्ष. मुलगा इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या जाहिराती बघतो, सून गूगलच्या. वडील व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडतात. तिघांच्या तीन वह्या. आठवड्याला प्रत्यक्षात शंभर पेट्या गेल्या. फेसबुक म्हणतं साठ माझ्यामुळे, गूगल म्हणतं पंचावन्न माझ्यामुळे, वडील म्हणतात वीस तर माझ्याच. बेरीज करा. एकशे पस्तीस! (हशा)

यात कोणी खोटं बोलत नाहीये बरं का. पुण्याच्या काकूंनी सोमवारी फेसबुकवर जाहिरात दाबली, काही घेतलं नाही. गुरुवारी गूगलवर नाव शोधलं, वरच्या जाहिरातीवरून आत आल्या आणि पेटी मागवली. फेसबुकचा नेहमीचा नियम असा, की क्लिकनंतर सात दिवसांत झालेली विक्री आपली. गूगल जाहिरातींची मुदत साधारणपणे तीस दिवसांची. पेटी एक, दावेदार दोन. दोघांनीही आपापल्या नियमाने बरोबरच मोजलंय. प्रत्येक जण फक्त आपल्याच खिडकीतून बघतोय.

म्हणून एक सामाईक हिशेबवही लागते, तिला अॅनालिटिक्स प्लॅटफॉर्म म्हणतात. गूगल अॅनालिटिक्स हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. २००५ साली गूगलने अर्चिन नावाची कंपनी घेतली, त्यातून ते आलं. त्या अर्चिनचा 'यू' आजही आपल्यात आहे. दुव्याच्या शेपटीला जी यूटीएम खूण लावतात, ती मूळची अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल.

ही खूण म्हणजे पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का समजा. त्यात मुख्यतः तीन गोष्टी लिहायच्या: माणूस कुठून आला, कोणत्या माध्यमातून आला आणि कोणत्या मोहिमेतून आला. वडिलांनी व्हॉट्सअॅपवर साधा दुवा पाठवला, तर त्यावरून येणारी बरीच माणसं 'डायरेक्ट' नावाच्या खात्यात जाऊन पडतात. म्हणजे कुठून आली, कळलं नाही. मग मुलगा म्हणणार, बाबा, तुमच्या व्हॉट्सअॅपचा काही उपयोग नाही! शिक्का मारला असता तर हे भांडण झालंच नसतं.

एक बारकी गोष्ट सांगतो, कारण घोळ इथेच होतो. इंग्रजीत फेसबुकचं पहिलं अक्षर एकाने मोठं लिहिलं आणि दुसऱ्याने लहान, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं. तेव्हा घरातल्या तिघांनी आधी बसून एका कागदावर नावं ठरवायची आणि तीच वापरायची. एकत्रीकरणाचं निम्मं काम हेच आहे. सॉफ्टवेअर त्यानंतर. नैयायिक वाद सुरू करण्याआधी लक्षणं ठरवून घेत, ते उगाच नव्हे.

दुसरी अडचण ओळखीची. वेदान्तात 'तोच हा देवदत्त' असं एक जुनं उदाहरण देतात. तेव्हा तिथे पाहिलेला आणि आज इथे पाहिलेला माणूस एकच, हे ओळखणं. यंत्राला हे सहजी जमत नाही. काकूंनी मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि लॅपटॉपवर ऑर्डर दिली, तर लॉगिन नसताना त्या दोन काकू होतात. म्हणून वापरकर्त्यांचा आकडा आला, की तो माणसांचा आहे असं धरू नका.

आता मुख्य मुद्दा. सगळं एका वहीत आलं, तरी श्रेय कोणाला? शेवटच्या क्लिकला सगळं द्यावं, पहिल्याला द्यावं, की सगळ्यांत सारखं वाटावं? अशी अनेक सूत्रं होती, त्यातली चार गूगलने २०२३ मध्ये काढूनच टाकली. पण सूत्र कोणतंही घ्या, ती वाटणी झाली. कारणाचा शोध त्यात लागत नाही.

न्यायशास्त्रात कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण आहे. गाढवाने माती आणली, मग घडा झाला. घड्याआधी गाढव होतं, हे खरं. तरी ते घड्याचं कारण नाही, कारण गाढवावाचूनही घडे होतात. अशा गोष्टीला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. काकूंनी बागेचं नाव टाईप करूनच शोधलं होतं. वरची जाहिरात नसती, तर खालच्या फुकटच्या दुव्यावरून त्या आल्याच असत्या. मग ती जाहिरात कोण? (हशा) हे नुसतं तर्काचं नाही. ईबेने २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळी माणसं फुकटच्या दुव्यावरून येत राहिली.

उपाय आपल्याकडचाच, अन्वय आणि व्यतिरेक. असताना काय होतं आणि नसताना काय होतं, दोन्ही बघायचं. नाशिकमध्ये दोन आठवडे ती जाहिरात बंद ठेवा, पुण्यात चालू ठेवा, आणि दोन्हीकडची विक्री आधीच्या आठवड्यांशी ताडून बघा. अर्थात हे एप्रिलच्या सुरुवातीला करायचं. मे संपताना उत्तर मिळून काय उपयोग!

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: 'फोनवरच्या ऑर्डरींचं काय?' उत्तम प्रश्न. त्या वहीत आपोआप येत नाहीत. फोन घेणाऱ्याने 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' एवढं विचारून, ठरलेल्याच नावांनी नोंद ठेवायची. मात्र गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर अॅनालिटिक्समध्ये घालायचे नाहीत. गूगलच्या नियमांतही ते बसत नाही, आणि आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. ती यादी वडिलांच्या वहीतच राहू द्या.