टीव्ही घेताना आधी पडद्यामागचा उजेड पाहा

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि दिवाळीच्या खरेदीत मोठा टीव्ही अनेक घरांच्या यादीत वर सरकला. कर कमी झाला हे उत्तमच. पण दुकानातल्या ‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’, ‘मिनी एलईडी’ या पाट्या वाचून ग्राहकाच्या हाती फारसं काही लागत नाही. तिन्हींत पडदा एलसीडीचाच. तो स्वतः प्रकाशत नाही, मागून येणारा उजेड कमी-जास्त अडवतो. म्हणून चित्राचा कस ठरतो तो बॅकलाइटवर.

पूर्वी हा उजेड पारा असलेल्या बारीक नळ्यांतून यायचा. त्या हद्दपार झाल्या निळ्या एलईडीमुळे. जपानच्या तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी घडवला; त्यावर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा प्रकाश मिळतो. या शोधाचं बक्षीस म्हणून कंपनीने त्यांना दिले अवघे 20 हजार येन! नाकामुरा कोर्टात गेले. 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. 2014 मध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. संशोधकाचा हक्क मागणारा हा माणूस मला त्या दिव्याइतकाच मोठा वाटतो.

हे दिवे बसवायचे कुठे, यावरून प्रकार पडतात. ‘एज-लिट’मध्ये ते चौकटीच्या कडेला असतात. टीव्ही सडपातळ होतो. पण कडा जास्त उजळतात आणि रात्रीचे प्रसंग राखाडी दिसतात. ‘डायरेक्ट-लिट’मध्ये दिव्यांच्या पट्ट्या पडद्यामागे असतात. उजेड सारखा पसरतो, पण साध्या मॉडेलमध्ये सगळे दिवे एकदमच मंद होतात. ‘फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग’मध्ये दिव्यांचे झोन वेगवेगळे मंदावतात, त्यामुळे काळा रंग काळा दिसतो. झोन कमी असले तर मात्र काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती धूसर वलय उमटतं. ‘मिनी एलईडी’ने दिवे इतके लहान केले की झोन शेकडो, महागड्या टीव्हींत हजारो झाले. 2025 मध्ये हायसेन्स आणि सॅमसंग यांनी लाल, हिरवे, निळे असे वेगळे दिवे असलेले 116 आणि 115 इंची टीव्ही आणले. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, तिथे बॅकलाइटच नसतो.

‘क्यूएलईडी’ म्हणजे रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर. दिवे कुठे आहेत, हे त्यावरून कळत नाही. एज-लिट क्यूएलईडीही विकले जातात. त्यामुळे जादा पैसे मोजायचेच असतील, तर ते पाटीवरच्या नावासाठी नव्हे, लोकल डिमिंगसाठी मोजा.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: दिवे कडेला की मागे? आणि झोन किती? मग काळ्या पडद्यावर पांढरी श्रेयनामावली सरकणारा व्हिडिओ लावायला सांगा आणि अक्षरांभोवती वलय दिसतं का ते पाहा. प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, तर दुसरं दुकान गाठा.