गोऱ्यांच्या शाळा, करसवलत आणि अमेरिकेतील धर्माचे राजकारण

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने स्त्रियांना मिळालेला हा हक्क पन्नाशीही गाठू शकला नाही. बहुमतातील तीन न्यायमूर्ती डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमलेले होते आणि २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट मतदारांपैकी दहातील आठांनी ट्रम्प यांना मते दिली होती. त्यामुळे हा वर्ग गर्भपाताच्या संतापातूनच राजकारणात उतरला, असा समज रूढ आहे. आम्ही वकील मंडळी आधी खटल्यांचे कागद पाहतो. कागद वेगळेच बोलतात.

१९७१ साली दक्षिणेतील बाप्टिस्टांच्या महासभेने तर काही परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता! मग ठिणगी पडली कुठे? शाळेत.

१९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दक्षिणेतील गोऱ्यांनी आधी टाळाटाळ केली आणि पुढे खासगी शाळा काढल्या. मिसिसिपीतील होम्स परगण्यात एकत्र शाळेची सक्ती होताच दोन वर्षांत सरकारी शाळांत गोरा विद्यार्थी औषधालाही उरला नाही. या खासगी शाळा ‘धर्मादाय’ म्हणून करमुक्त होत्या. म्हणजे कृष्णवर्णीयांना दार बंद आणि त्या बंद दाराचा खर्च सरकारी तिजोरीवर! ही चाल आमच्या वाचकांना ओळखीची वाटेल. कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले आणि १९७१ साली जिंकले. वर्णभेद पाळणाऱ्या शाळेला करसवलत नाही, असा निकाल झाला.

दक्षिण कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठ ही ख्रिस्ती संस्था. काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला तिथे मनाई होती, तीही बायबलच्या आधाराने. १९७६ साली तिची सवलत गेली. १९७८ साली आयकर खात्याने खासगी शाळांसाठी कडक नियम सुचवले, तेव्हा मात्र धर्मगुरू खवळले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ उभी राहिली. तिच्या उभारणीतले सूत्रधार पॉल वायरिच यांनी पुढे स्वतःच सांगितले की, धर्मगुरूंना जागे केले ते शाळांवरील सरकारी कारवाईने. काही इतिहासकार गर्भपाताचा वाटा याहून मोठा मानतात, कॅथलिकांचा विरोध तर आधीपासून होताच. पण करसवलतीचा मुद्दा कोणालाच पुसता येत नाही. १९८० साली या मतदारांनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या जिमी कार्टर यांना सोडून घटस्फोटित सिनेनट रेगन यांना साथ दिली. धार्मिकताच तोलायची असती तर पारडे कोणाकडे झुकले असते?

रेगन सरकारने १९८२ मध्ये थेट विद्यापीठाची बाजू घेतली. सरकारच उलटल्याने आयकर खात्याच्या बाजूने बोलणारा कोणी उरला नाही. तेव्हा न्यायालयाने विल्यम कोलमन यांना नेमले. हे कृष्णवर्णीय वकील ‘ब्राऊन’ खटल्यातही होते. १९८३ साली आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठ हरले. प्रेमसंबंधांवरची बंदी मात्र तिथे २००० सालापर्यंत टिकली.

बायबल कृष्णवर्णीय चर्चमध्येही तितक्याच श्रद्धेने वाचले जाते. स्त्री-पुरुष संबंधांविषयी तिथली मतेही पुष्कळदा सनातनीच असतात. तरी तो मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातो. एकच ग्रंथ आणि दोन मतपेट्या, हे कोडे धर्मशास्त्राने सुटत नाही, वर्णाच्या इतिहासाने सुटते.

गोऱ्या इव्हँजेलिकलांचे लोकसंख्येतील प्रमाण २००६ मध्ये सुमारे २३ टक्के होते, ते २०२० पर्यंत १५ टक्क्यांच्या आत आले. संख्या घटली, वजन घटले नाही. हा मतदार मतदानाला न चुकता येतो आणि रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार निवडीतच आपला शब्द चालवतो. २०२४ मध्येही दहातील आठ मते ट्रम्प यांनाच गेली.

१९५४ च्या एका कायद्याने करमुक्त संस्थांना निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायला मनाई केली आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानेच टेक्सासच्या न्यायालयात लिहून दिले की, धर्मगुरूने प्रार्थनेच्या वेळी आपल्या भाविकांना उमेदवार सुचवला तर त्याने ही मनाई मोडत नाही.