अंदमानची सहल, सूर्याच्या वेळेने

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सालवडला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी अंदमानात तो पाचाच्या आधीच समुद्रात उतरलेला असतो. मनगटावरचे घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवते, कारण भारतीय प्रमाणवेळ एकच आहे. सूर्य मात्र रेखांशाने चालतो. पालघर जिल्हा सुमारे ७२.८ पूर्व रेखांशावर, तर अंदमानची राजधानी ९२.७ वर. वीस अंशांचे हे अंतर म्हणजे जवळजवळ ऐंशी मिनिटांचा फरक. ऋतूप्रमाणे तो थोडा कमीजास्त होतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा अंदमानात तो साडेपाचच्या सुमारास होऊन गेलेला असतो.

बेटावरच्या सहलीचे बेत आखताना सहसा विमानभाडे, खोलीचे दर आणि छायाचित्रे यांचाच विचार होतो. चौविहार पाळणाऱ्या घरांसाठी खरा प्रश्न या ऐंशी मिनिटांचा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सालवड, बोईसर परिसरातील व्यापारी कुटुंबांत तीन पिढ्या एका छताखाली नांदतात. नातवंडांना समुद्रात डुंबायचे असते, मुलाला चार दिवस दुकानाचा फोन बंद ठेवायचा असतो, आणि आजींना त्यांचे पच्चक्खाण मोडायचे नसते. बेत नीट आखला नाही तर आजी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणून घरी राहतात, नाहीतर सोबत येऊन चार दिवस खाकऱ्यावर काढतात. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

घरात भिंतीवर लावलेले पंचांग मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या वेळांचे असते. ते बेटावर घेऊन गेल्यास फसगत निश्चित. डिसेंबरात त्यातला ‘सूर्यास्त सहा’ पाहून साडेपाचला जेवायला बसलेले कुटुंब प्रत्यक्षात रात्रिभोजनच करीत असेल, तेही नकळत. सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना डिसेंबरच्या आरंभी चारच्या सुमारास हात धुवावे लागतात. सकाळी मात्र हिशेब उलटा होतो. सूर्योदय साडेपाचच्या आधीच होत असल्याने नवकारशी सव्वासहाच्या आसपास येते, जी आपल्याकडे त्या दिवसांत पावणेआठला येते. म्हणून निघण्यापूर्वी त्या ठिकाणच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवून घ्याव्यात आणि तो कागद आजींच्या पर्समध्ये ठेवावा.

आता रिसॉर्टकडे वळू. तिथल्या स्वयंपाकघराची वेळ शहरी पाहुण्यांच्या सवयीने ठरलेली असते. दुपारचे जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचे सात-साडेसातनंतर. या दोहोंच्या मधल्या पोकळीतच चौविहाराची वेळ येते, आणि त्या वेळी आचारी विश्रांतीला गेलेला असतो. खोली आरक्षित करताना रात्रीच्या जेवणासह असलेला दर बहुधा स्वस्त वाटतो. पण जे जेवण पानात घेताच येणार नाही त्याचे पैसे भरणे हा व्यापाऱ्याच्या घरात शोभणारा व्यवहार नव्हे. फक्त न्याहारीसह खोली घ्यावी. किंवा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी व्यवस्थापकाकडून लेखी कबूल करून घ्यावे, की रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारी पावणेचारला गरम थाळी मिळेल. पाच-सहा माणसांचे कुटुंब असेल तर ही विनंती सहसा मान्य होते. तोंडी आश्वासन मात्र बेटावर पोहोचेपर्यंत टिकत नाही. स्वागतकक्षातला माणूस बदललेला असतो.

‘जैन जेवण’ एवढे दोन शब्द लिहूनही भागत नाही. मुंबई-गुजरातेत या शब्दांचा अर्थ कोणताही आचारी जाणतो. अंदमानात स्वयंपाकघर बंगाली, तमिळ किंवा तेलुगू माणसाच्या हाती असण्याचा संभव जास्त. त्याच्या दृष्टीने शाकाहार म्हणजे मांस-मासे नाहीत, इतकेच; बटाटा वगळायचा हे त्याला मुळी सुचतच नाही. म्हणून यादीच पाठवावी. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, रताळे, सुरण नको. भांडी व तळणाचे तेल वेगळे हवे. काय चालेल तेही लिहावे: दूधी, भोपळा, भेंडी, कोबी, टोमॅटो, कच्ची केळी, मूग, तूर, भात, पोळी. नकारांची यादी वाचून आचारी गोंधळतो, होकारांची वाचून कामाला लागतो. बेटांवरचा बराचसा भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, मात्र स्वतःची शेती चांगली आहे आणि ताजी भाजी तिथे सहज मिळते.

सोबत न्यायच्या शिदोरीविषयी फार सांगायला नको. ते प्रत्येक घराला पाठ आहे. फक्त काळाची मर्यादा ध्यानात ठेवावी. हिवाळ्यात खाकऱ्याला तीस दिवस, उन्हाळ्यात वीस, पावसाळ्यात पंधरा. आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्यांनी त्या दिवशी समुद्रप्रवास येत असेल तर मूग-पापडाची सोय हाताशी ठेवावी. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी विजेची किटली आणि स्टीलची बरणी न्यावी. रिसॉर्टवाले ‘गरम पाणी देऊ’ म्हणतात, ते नुसते कोमट केलेले असू शकते.

दिवसभराच्या सहलींच्या बाबतीत मात्र एक सुखद गोष्ट आढळते. अंदमानात समुद्रावरचे सगळे व्यवहार सूर्यानेच बांधलेले आहेत. होड्या पहाटे सुटतात आणि अंधाराआधी धक्क्याला लागतात. पाण्यातले खेळ दुपारी लवकर बंद होतात. सकाळी लवकर बाहेर पडून साडेतीनपर्यंत परतणे हा तिथला सर्वांचाच क्रम आहे. म्हणजे चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाचे वेळापत्रक बेटाशी जुळते. जुळत नाही ते फक्त रिसॉर्टच्या स्वयंपाकघराशी.

स्वराज द्वीपावरचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरचा, राधानगर किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि तिथला सूर्यास्त पाहायला सारे जमतात. ज्यांचे जेवण चारला उरकले आहे त्यांना तो निवांत पाहता येतो. धक्क्यापासून हा किनारा सुमारे बारा किलोमीटर दूर, म्हणून या किनाऱ्याजवळ खोली घेतली तर जेवून चालत जाता येते. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरला सूर्यास्त आणि सीतापूरला सूर्योदय. तिथली नैसर्गिक दगडी कमान ओहोटीच्या वेळीच गाठावी लागते. केळवे-चिंचणीच्या किनाऱ्याला भरती-ओहोटी पाहून उतरणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

बाराटांगची चुनखडीची गुहा हा सर्वांत दमवणारा दिवस. पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते, कारण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि वाहने ठरलेल्या वेळी पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे, सर्वांस मनाई आहे. पुढे तराफ्याने खाडी ओलांडायची, मग छोट्या होडीतून कांदळवनातल्या चिंचोळ्या वाटेने जायचे, आणि अखेरीस दीडेक किलोमीटर चालायचे. नवकारशी वाटेतच येते, म्हणून डबा गाडीतच हवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना या दिवशी बळेच नेऊ नये. त्यांच्यासाठी नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, जुने रॉस बेट, पुरेसे आहे. राजधानीच्या धक्क्यावरून होडीने ते काही मिनिटांवर आहे. इंग्रजांचे हे एकेकाळचे मुख्य ठाणे १९४१ च्या भूकंपानंतर ओस पडले; आज वडाच्या मुळ्यांनी त्याच्या भिंती कवटाळल्या आहेत आणि हरणे मोकळी हिंडतात.

प्रवाळ पाहण्यासाठी काचेच्या तळाची होडी किंवा मुखवटा लावून पोहणे, दोन्ही सोयी एलिफंट बीच व भरतपूर येथे आहेत. मुलांना पाण्यात उतरवण्यापूर्वी एक गोष्ट सांगावी. ‘जीवविचार’ प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केली आहे, आणि शंख-कवडीची द्वींद्रियात. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण निराळे असले तरी प्रवाळ दोन्हीकडे सजीवच. त्यावर पाय ठेवून उभे राहणे, तुकडा मोडून घेणे, किनाऱ्यावरचे शिंपले खिशात घालणे हे करू नये. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि परतीच्या वेळी विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे जप्त होतात. मासेमारीची ‘गंमत’ सहलीच्या पॅकेजमध्ये असेल तर ती आधीच वगळायला लावावी आणि तेवढी रक्कम कमी करून घ्यावी.

तारखांची निवड व्यापाऱ्याला सर्वांत अवघड जाते. लक्ष्मीपूजनापासून लाभपंचमीपर्यंत दुकान बंद असते खरे, पण तेव्हा चातुर्मास संपलेला नसतो आणि अंदमानात परतीचा पाऊसही चालू असतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा डिसेंबरचा पूर्वार्ध, किंवा जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी, हा काळ बरा. जीएसटीच्या विवरणपत्रांची २० तारीख उलटली की पुढच्या ११ तारखेपर्यंत श्वास घ्यायला जागा असते. जानेवारीच्या अखेरीस सूर्यास्तही सव्वापाचच्या पुढे सरकलेला असतो, तेवढीच वीस-पंचवीस मिनिटांची सवड.

एकूण पाच रात्री पुरतात: पहिली राजधानीत, दोन स्वराज द्वीपावर, एक शहीद द्वीपावर, शेवटची पुन्हा राजधानीत. बाराटांग करायचे असेल तर सहावी जोडावी. बेटांदरम्यानच्या खासगी वेगवान बोटींची तिकिटे विमानाच्या तिकिटांबरोबरच काढावीत. विमानाच्या आदल्या रात्री बाहेरच्या बेटावर राहू नये, कारण समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान कोणासाठी थांबत नाही. राजधानीचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम असे झाले आहे. तिकिटांवर अजून पोर्ट ब्लेअरही आढळते, त्याने गोंधळू नये.

शेवटची संध्याकाळ सेल्युलर जेलसाठी राखावी. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उरल्या आहेत. गणेश आणि विनायक दामोदर सावरकर हे दोघे बंधू एकाच वेळी इथे बंदिवान होते. वरच्या मजल्यावरची विनायकरावांची कोठडी पाहताना मराठी घरातली मुले आपोआप गप्प होतात. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अंधार पडल्यावर सुरू होतो. चारला जेवून, सूर्यास्ताचे प्रतिक्रमण खोलीवर आटोपून आजींना तिथे निवांत जाता येते, आणि बाहेर पडल्यावर कोणालाही हॉटेल शोधत धावायचे नसते.

परतीच्या दिवशी दिवस लांबत जातो. दुपारी चेन्नईला उतरलेल्या कुटुंबाला तिथे सूर्यास्ताला आणखी अर्ध्या-पाऊण तासाची मुदत मिळते. तरी मुंबईचे पुढचे विमान आणि बोईसरपर्यंतचा शंभर किलोमीटरचा रस्ता धरला, तर घरी पोहोचायला मध्यरात्र होते. म्हणून त्या दिवशीचा डबा बेटावरूनच भरून घ्यावा आणि चेन्नईच्या विमानतळावर, खिडकीबाहेर उजेड आहे तोवर, उघडावा.